गाडी गावात, मालक परदेशात; दंड कुणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माणदेशातून माणसे बाहेर जाण्याची रीत फार जुनी आहे. पाऊस बेभरवशाचा आणि माणगंगा वर्षातला बराचसा काळ कोरडी. त्यामुळे कोणी मेंढरे घेऊन घाटाखाली गेले, कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले, तर कोणी सोने-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी पार बंगाल-केरळपर्यंत पोचले. आताची पिढी मस्कत, दुबई, लंडन, टेक्सास इथे आहे. मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हा यांतली पुष्कळ माणसे गावी येतात. एकमेकांना भेटतात, घराची डागडुजी करतात, वडिलांचे डोळे तपासून घेतात आणि परत जातात. मागे राहते ती दारातली मोटारसायकल किंवा चारचाकी. तिची किल्ली खुंटीला असते आणि नोंदणी परदेशातल्या मुलाच्या नावावर असते.

गावातल्या लोकांचे अर्ज-कागद भरून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. पूर्वी माझ्याकडे सातबाऱ्याचे आणि वारसनोंदीचे काम जास्त असे. अलीकडे फोन येतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. ‘काका, गाडी विकायला काढली, तर म्हणे दंड थकलाय. मी तर चार वर्षांत गाडीला हात लावला नाही. मग दंड माझा कसा?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेतले तर पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचतो.

आधी हा दंड लागतो कसा, ते पाहू. पूर्वी हवालदार गाडी अडवायचा, पावती फाडायचा आणि विषय तिथेच मिटायचा. महाराष्ट्रात 2019 पासून ‘एक राज्य, एक चलन’ ही पद्धत राज्यभर लागू झाली. पोलिसाच्या हातातले यंत्र किंवा रस्त्यावरचा कॅमेरा गाडीच्या नंबराचा फोटो घेतो आणि चलन त्या नंबरावर चढते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 पासून अशी कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू झाली आहे. मुलाला विमानतळावर सोडून परत येणारी गाडी वेगमर्यादा ओलांडून गेली, तर तिला कोणी अडवत नाही, शिट्टी मारत नाही. घरी पोचल्यावर चहा घेऊन मंडळी झोपतातसुद्धा. चलन मात्र झालेले असते.

कॅमेऱ्याला माणूस ओळखता येत नाही, नंबर ओळखता येतो. नंबरावरून सापडतो तो नोंदणीकृत मालक. म्हणून निरोप मालकाच्या मोबाइलवर जातो. अडचण सुरू होते ती इथेच. गाडी घेताना जो नंबर दिला, तो परदेशी गेल्यावर रिचार्जअभावी बंद पडतो. नव्वद दिवस वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते आणि काही काळाने तो दुसऱ्याच माणसाला मिळतो. म्हणजे आपल्या दंडाचे निरोप कुठल्या तरी अनोळखी गृहस्थाला जातात आणि ते तो पुसून टाकतो. नोंदणीतला पत्ता जुना असेल तर टपालाचीही तीच गत.

आता ‘दंड माझा कसा’ या प्रश्नाकडे वळू. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. त्याच्या कलम 133 प्रमाणे, गाडी कोण चालवत होते ही माहिती पोलिसांनी विचारल्यावर देणे मालकाला बंधनकारक आहे. ‘मी परदेशात होतो’ हे खरे असले तरी तेवढ्याने भागत नाही. गाडी कोणाच्या ताब्यात होती, ते सांगावे लागते. तिकडच्या देशांतही वेगळे काही नाही. ब्रिटनमध्ये कॅमेऱ्यात वेग सापडला की 14 दिवसांत नोंदणीकृत मालकाला नोटीस जाते आणि चालक कोण होता हे त्याने 28 दिवसांत कळवायचे असते. न कळवणे हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. अमिरातीत थकलेला दंड भरल्याशिवाय गाडीच्या नोंदणीचे वार्षिक नूतनीकरण होत नाही. तिथे आपली मुले हे नियम काटेकोर पाळतात. मग आपल्या दारातल्या गाडीचाही हिशेब तसाच ठेवायला हवा.

दुसरी गोष्ट शब्दाची. आपण ज्याला दंड म्हणतो, ती रक्कम बहुतेक वेळा कलम 200 खालचे ‘तडजोड शुल्क’ असते. म्हणजे, ‘चूक मान्य आहे, रक्कम भरतो, कोर्टात जायला नको’ असा हा समझोता. ती भरली की त्या चलनाचे प्रकरण मिटते. ती भरली नाही तर प्रकरण कोर्टाकडे जाऊ शकते. ‘सहा महिने थांबा, चलन आपोआप रद्द होते’ असे पारावर सांगणारे पुष्कळ भेटतात. कोर्टाने खटला दाखल करून घेण्याच्या मुदतीची तरतूद कायद्यात आहे, ही गोष्ट खरी. पण त्या मुदतीमुळे संगणकावरची नोंद आपोआप पुसली जात नाही. गाडी नावावर करताना किंवा दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी ना-हरकत दाखला घेताना ती पुढे येते आणि काम अडते.

मग परदेशात बसून हे निस्तरायचे कसे? माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाची हकिगत सांगतो, म्हणजे क्रम ध्यानात येईल. मुलगा आखातात, मोटारसायकल त्याच्या नावावर, चालवणारा भाचा. गाडीवर अकरा चलने निघाली. मुलगा फोनवर इतका तापला की सगळी रक्कम एकदम भरून गाडी भंगारात द्या म्हणाला. मी म्हटले, आधी वाचून तर पाहू.

राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे घातले की यादी दिसते. हे आकडे आरसीवर असतात. म्हणून परदेशातल्या माणसाने पहिली गोष्ट करायची ती ही, की घरच्यांकडून आरसीचा दोन्ही बाजूंनी फोटो मागवायचा. यादीतले प्रत्येक चलन उघडायचे. तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि फोटो नीट पाहायचा. आम्ही तसे केले. सात चलने हेल्मेट नसल्याची, दोन ट्रिपल सीटची, एक पुण्यातल्या चुकीच्या पार्किंगचे. आणि अकरावे अशा शहरातले, जिथे ही गाडी कधी गेलीच नव्हती. फोटोत नंबर तोच दिसत होता, पण गाडी वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या कंपनीची होती.

अशा चलनाचे पैसे भरू नयेत. भरले म्हणजे चूक मान्य केली असा त्याचा अर्थ होतो. त्याच संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. आपल्या गाडीचा सर्व बाजूंनी फोटो, आरसीची प्रत आणि चार ओळींचा अर्ज जोडायचा. आपला नंबर दुसऱ्याने लावला आहे असे दिसले तर पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार द्यावी, कारण त्या गाडीने उद्या अपघात केला तर पोलीस आपल्या दारात येतील. कॅमेऱ्याच्या चलनांसाठी 2021 साली केंद्रीय नियमांत 167-अ हा नियम आला. त्याप्रमाणे नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवायची आहे आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत फोटोचा पुरावा जपून ठेवायचा आहे. तेव्हा पुरावा मागणे हा आपला हक्क आहे.

उरलेली दहा चलने खरी होती. ती भरण्याचे मार्ग दोन. एक, संकेतस्थळावरून. परदेशी बँकेचे कार्ड पुष्कळदा आपल्याकडच्या व्यवहाराला चालत नाही. पण इथल्या एनआरई किंवा एनआरओ खात्याचे नेट बँकिंग चालते. शिवाय 2023 पासून अमेरिका, ब्रिटन, अमिराती, ओमान, कतार, सौदी अरेबिया, सिंगापूर अशा काही देशांतल्या मोबाइल नंबरावरून या खात्यांना यूपीआय जोडण्याची मुभा मिळाली आहे. दुसरा मार्ग अधिक सोपा. पैसे भरायला मालकानेच हजर राहावे असा नियम नाही. नोंद राज्यभर एकच असल्याने घरच्या कोणीही वाहतूक पोलिसांकडच्या यंत्रावर रक्कम भरली तरी चालते. पावती मात्र जपून ठेवावी आणि दोन-चार दिवसांनी यादी पुन्हा पाहून नोंद उतरल्याची खात्री करावी.

प्रकरण कोर्टाकडे गेले असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण समन्सकडे दुर्लक्ष करू नये. नुसत्या थकलेल्या चलनासाठी विमानतळावर कोणी अडवत नाही. कोर्टाने बोलावूनही न जाणे ही मात्र वेगळी आणि गंभीर बाब आहे. वकीलपत्र देऊन वकिलामार्फत हजर होता येते. राष्ट्रीय लोकअदालतीत ही प्रकरणे घेतली जातात. महाराष्ट्रात सप्टेंबर 2021 च्या लोकअदालतीपासून अशा थकीत चलनांच्या नोटिसा मोठ्या प्रमाणावर निघाल्या आणि पुष्कळ लोकांना या सोयीची माहिती झाली. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून चलन वादग्रस्त असेल तर सही करण्यापूर्वी विचार करावा.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. मोबाइलवर ‘तुमचे चलन थकले आहे, खालील फाइल उघडा’ असा निरोप येतो. तो घरातल्या वडीलधाऱ्यांना येतो आणि मुलाच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून ते घाईने बोट लावतात. ती फाइल फोनमध्ये शिरते आणि बँकेचे ओटीपी चोराच्या हाती जातात. पाचशे रुपयांच्या भीतीपोटी आयुष्यभराची पुंजी जाते. तेव्हा घरी एवढे पक्के सांगून ठेवा: सरकारी संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असते. चलन कधीही व्हॉट्सअॅपच्या फाइलने येत नाही. निरोप आला तरी त्यातल्या दुव्यावर जायचे नाही, स्वतः संकेतस्थळ उघडून पाहायचे.

पैशाचा हिशेब इथे संपतो. पण गाडीच्या मालकाची खरी जोखीम चलनात नाही, ती अपघातात आहे. गाडी विकली, पैसे घेतले, कागद मात्र तसेच राहिले, हे आपल्याकडे सर्रास चालते. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात 2018 साली स्पष्ट सांगितले आहे की, कागदोपत्री ज्याच्या नावावर गाडी, तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांच्या हातांत गेली होती. तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. म्हणून विक्री झाली की राज्यातल्या राज्यात 14 दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवणे मालकाचे काम आहे. वडिलांच्या नावावर गाडी असेल आणि ते गेले असतील, तर वारसाने 30 दिवसांत कळवून तीन महिन्यांच्या आत नावबदलाचा अर्ज करायचा असतो.

परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर कलम 180 खाली मालकालाच पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मूल अठराच्या आतले असेल तर 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 199-अ लागते. त्यात पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, असा प्रकार आहे. विमा चालू असूनही चालवणाऱ्याकडे परवाना नसेल, तर विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. विमाच संपलेला असेल तर सगळा भार थेट मालकावर. मालक परदेशात असताना विम्याच्या नूतनीकरणाची आठवण त्याच बंद पडलेल्या मोबाइलवर येत असते, हे विसरू नका.

तेव्हा परदेशी जाण्यापूर्वी, किंवा पुढच्या यात्रेला गावी आल्यावर, एक सकाळ या कामाला द्या. गाडी खरोखर घरच्या माणसाला वापरायची असेल तर ती त्याच्याच नावावर करून टाका. ते जमत नसेल तर नोंदणीतला मोबाइल नंबर बदलून चालू असलेला द्या. विम्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आरसी, विमा आणि पीयूसीचे फोटो दोन्हीकडे ठेवा. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट लावली आहे का, ते पाहा. आणि दर महिन्याला एकदा चलनाची यादी उघडत जा.

ती यादी उघडायला मी सांगतो, ते केवळ दंडासाठी नाही. त्या अकरा चलनांतले सात फोटो मुलाने तिकडे एकेक करून पाहिले. सातही वेळा भाच्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते आणि एका फोटोत मागे आजी बसली होती. फोनवर रोज ‘सगळे ठीक आहे’ असे ऐकणाऱ्या त्या मुलाला खरी खबर चलनाने दिली. त्याने दहाही चलने भरली, गाडी भंगारात काढली नाही, आणि पहिल्याच पगारात दोन हेल्मेटचे पैसे पाठवले: एक भाच्यासाठी, एक आईसाठी. दंड भरून नोंद मिटते. पण तो ज्या कारणाने लागला, ते कारण घरात मिटवायला हवे, आणि ते काम कुठल्याही संकेतस्थळावर होत नाही.