उसाची नोंद आणि लेकराची नोंद



लागणीच्या दिवसांत शेतकी खात्याची माणसं बांधावर येऊन एकच गोष्ट सांगतात, "आधी नोंद करा." फडात ऊस कितीही जोमदार असो, नोंदच नसेल तर तोडीच्या पाळीत नाव येणार कुठून? आज ऊस बाजूला ठेवून अशाच दुसऱ्या एका नोंदीविषयी सांगायचे आहे.

२०२२ सालची गोष्ट. एका सभासदाचा खोडवा पाहायला गेलो होतो. गृहस्थ हायस्कुलात शिक्षक, जोडीला दीड एकर ऊस. चहाला घरात बसलो तेव्हा आतल्या खोलीत त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा दिसला. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. उठणं, बसणं, खाणं सगळं आईच्या हातावर.

गुरुजी म्हणाले, "साहेब, पगारातून कर कापला जातो, उरतं ते औषधपाण्यात जातं."

मी विचारलं, "मुलाची सूट घेता ना?"

गुरुजी गप्प. सूट ऐकून माहीत होती, पण दाखलाच काढला नव्हता. एकदा कागदावर आलं की पोरगं कायमचं तसंच ठरलं, असं आजीचं म्हणणं. शिवाय थोरल्या मुलीच्या सोयरिकीची काळजी. यात हसण्यासारखं काही नाही. असा विचार करणारी घरं प्रत्येक गावात आहेत.

आता हिशोब पाहा. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ८० डीडी नावाचे कलम होते. आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलाचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर ७५,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात. ८० टक्के किंवा अधिक असेल, तर १,२५,००० रुपये. उपचार-संगोपनावर खर्च मात्र झालेला हवा. तो यापेक्षा कमी झाला तरी सूट पुरी मिळते. गुरुजींचे करपात्र उत्पन्न ७ लाख होते. जुन्या पद्धतीने कर ५४,६०० रुपये. सव्वा लाख वजा झाले की २८,६००. म्हणजे एका वर्षात २६,००० रुपयांचा फरक, तोही केवळ एका दाखल्यापायी.

धडधाकट मुलांसाठीही सोय आहे. शाळा-कॉलेजच्या पूर्ण वेळ शिक्षणाची फी दोन मुलांपर्यंत धरता येते. आई-वडील दोघेही कर भरत असतील, तर प्रत्येकाला दोन-दोन मुलांची धरता येते, पण ज्याने फी भरली त्यानेच धरायची. देणगी, बसभाडे, खाजगी शिकवणी यात बसत नाही. विमा, प्रॉव्हिडंट फंड आणि ही फी मिळून मर्यादा दीड लाखाची. फंडानेच ती भरली असेल, तर फीचा वेगळा लाभ नाही.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला. कलमांचे आकडे बदलले, या सवलती राहिल्या. मात्र त्या जुन्या करपद्धतीतच मिळतात, आणि ती निवडायची तर विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. २०२५-२६ या वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या साधारण उत्पन्नावर कर लागत नाही, तेव्हा बऱ्याच जणांना तीच परवडेल. ऊसबिल करमुक्त खरे, पण बाकीचे उत्पन्न करपात्र असेल तर दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही मोजतात. म्हणून दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून घ्या. "सगळ्यांचं तसं आपलं" असं करू नका.

गुरुजी पुढल्याच महिन्यात मुलाला जिल्हा रुग्णालयात घेऊन गेले. तपासणीत ८५ टक्के निघाले. त्या वर्षीपासून सूट मिळाली, मागची वर्षं मात्र गेली ती गेलीच. दाखला ठरावीक मुदतीचा असेल, तर वेळेत नवा करून घ्यावा लागतो, हेही ध्यानात असू द्या.

आणि हा कागद केवळ कराचा नाही. एसटीची सवलत, शिष्यवृत्ती, सरकारी योजना, सगळीकडे तोच मागतात. मागल्या हंगामात पुन्हा त्या घरी गेलो, तर मुलाचं ओळखपत्र दाखवायला आजीच उठल्या. त्यांच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी, रुमालात गुंडाळून ठेवलं होतं.

आपल्या घरात असं लेकरू असेल तर लपवू नका. उसाची नोंद करता, तशी त्याचीही करा.

आपला,
ऊसविकास अधिकारी