कुत्रं चावलं तर आधी साबण, मग दवाखाना



पालम तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या. पारावर, शाळेच्या फाटकाजवळ, उकिरड्यावर चार-दोन कुत्री असतातच. ती कोणा एकाची नसतात. आपल्याच घरची शिळी भाकर खातात अन् रात्री अनोळखी माणूस दिसला की भुंकून गाव जागं करतात. पहाटे कापूस वेचायला निघालेल्या बाया अन् शाळेत जाणारी लेकरं त्यांच्यामधूनच जातात. म्हणून ही माहिती घरात प्रत्येकीला पाहिजे.

रेबीज म्हणजे काय?
पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतात. ते जखमेतून शिरतात आणि नसांमधून हळूहळू मेंदूकडे जातात. याला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्षही. पाण्याची भीती वाटणं, घोट न गिळता येणं ही लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण लक्षणांच्या आधी वेळेवर उपचार झाले तर जीव वाचतो. जगात संशयित पिसाळलेल्या प्राण्याने चावलेल्या दर 10 जणांत 4 जण 15 वर्षांखालची मुलं असतात. लेकरू मार खाण्याच्या भीतीने सांगत नाही. त्याला रागवू नका, विचारा.

चावलं तर काय करायचं?
1. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा. कपड्याचा साबणही चालतो.
2. चुना, हळद, मिरचीपूड, तेल काही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका.
3. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तिथे लस मोफत असते.
4. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सिरमचं इंजेक्शनही लागतं. डॉक्टरांना तसं विचारा.
5. रक्त न येता नुसतं ओरखडलं असेल तरी लस घ्यावीच लागते.

पोटात 14 इंजेक्शनं हा जुना काळ गेला. आता लस दंडावर देतात. सरकारी दवाखान्यात बहुधा 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी डोस असतात. म्हणजे पहिला डोस 1 तारखेला घेतला तर पुढचे 4, 8 आणि 29 तारखेला. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनेही लस घ्यायची असते.

आपल्याकडची खरी अडचण शेवटच्या डोसची. दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात अन् डोस राहून जातो. कार्ड सोबत न्या. उरलेला डोस तिथल्या सरकारी दवाखान्यात घेता येतो.

झाडपाला, उतारा, मंत्र यात दिवस घालवू नका. चावलेलं कुत्रं मारूही नका. ते 10 दिवस धडधाकट राहिलं का, हे डॉक्टरांना कळणं कामाचं असतं. पण त्यासाठी लस थांबवायची नाही.

शेळी, म्हैस किंवा गाईला चावलं तरी जखम तशीच धुवा, पण उघड्या हाताने नको. मग 1962 या टोल फ्री नंबरवर फोन करून पशुवैद्यकीय सेवा मागा.

गावाने काय करायचं?
कुत्री मारून प्रश्न सुटत नाही, आणि तो गुन्हाही आहे. उकिरड्यावर खायला असेल तर रिकाम्या जागी दुसरी कुत्री येतात, अन् ती बिनलसीची असतात. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्र्यांची नसबंदी करून, लस देऊन त्यांना त्याच जागी सोडायचं असतं. ही जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे गावात ग्रामपंचायतीची. 10 पैकी 7 कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते.

येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत हे विषय घ्या:
- प्रत्येक गटाने आपल्या गल्लीतली कुत्री मोजायची.
- तो आकडा घेऊन लसीकरण आणि नसबंदीचा ठराव ग्रामसभेत मांडायचा. पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र द्यायचं. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचाही सल्ला घेता येईल.
- चिकनच्या दुकानाची घाण अन् लग्नातलं उष्टं उघड्यावर टाकणं बंद करायचं.
- कुणाला कुत्रं चावलं तर आशाताईंसोबत गटातल्या एकीने चारही डोसच्या तारखा वहीत लिहून ठेवायच्या.

हप्त्याची तारीख आपण चुकवत नाही. डोसची तारीखही चुकवायची नाही.