रस्ता नसलेले शहर

ब्राझीलच्या वायव्य टोकाला, विषुववृत्ताला जवळजवळ खेटून, रिओ नेग्रो नदीकाठी साओ गाब्रिएल दा काशोएरा वसले आहे. या नगरपालिकेचे क्षेत्र महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून मोठे. लोकसंख्या मात्र २०२२च्या जनगणनेनुसार जेमतेम बावन्न हजार. बाकी सारे वर्षावन.

मानाउसहून इथे यायला रस्ता नाही. बोट नाहीतर विमान. शहरापाशी नदीत खडक आणि खळाळ असल्याने मालाच्या बोटी अलीकडच्या कामानाउस बंदरातच थांबतात. पाणी उतरले की फेऱ्या रखडतात आणि गॅस, तांदूळ महागतात.

तरी चूल अडत नाही, कारण मुख्य अन्न परसातले: कडू कसावा, आपल्या साबुदाण्याचाच कंद. त्यात सायनाइड तयार होते. म्हणून किसलेला कंद वेताच्या लांबट, विणलेल्या नळीत भरून टांगतात. नळी खाली ताणली की विषारी रस निथळतो. उरलेला चोथा मोठ्या तव्यावर परततात. रसही वाया जात नाही, भरपूर उकळून त्याचे कालवण होते.

रहिवासी बहुतांशी आदिवासी. २००२ साली इथे पोर्तुगीजसोबत नेएंगातू, तुकानो आणि बानीवा या भाषांना अधिकृत दर्जा मिळाला. महानगरांनाही न सुचलेले हे शहाणपण!