हेदरच्या माळावरील पीक : ग्राऊसची शिकार

शिकार म्हटली म्हणजे ती रानांतली, आणि शेती म्हटली म्हणजे ती बांधाच्या आंतली, असा आपला साधारण समज असतो. ब्रिटनच्या उत्तर भागांत मात्र ग्राऊस नांवाचा शिकारीचा पक्षी हेंच हजारों एकर जमिनीचें मुख्य पीक होऊन बसलें आहे. यॉर्कशरचे माळ, पेनाइन डोंगर व स्कॉटलंडचीं पठारें येथें चालणाऱ्या या शिकारीची हकीकत म्हणूनच शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

लाल ग्राऊस हा आपल्या तित्तरापेक्षां मोठा, तांबूस-पिंगट व पायांच्या बोटांपर्यंत पिसें असलेला पक्षी आहे. आपल्या माळावरील पखुर्डीस इंग्रज शिकारी सँडग्राऊस म्हणत, पण ती निराळ्या कुळांतली. नांवाच्या सारखेपणावर जाऊं नये. ग्राऊसचें अन्न म्हणजे हेदर. हें घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वाढणारें काटक झुडूप असून ऑगस्टांत त्याच्या जांभळ्या फुलांनीं डोंगर झांकून जातात. ज्या आंबट, ओल्या व थंड जमिनींत धान्य पिकत नाहीं, तेथें हेदर सुखानें नांदतें. पिल्लांस पहिले कांहीं आठवडे किडे लागतात. मोठा पक्षी मात्र बहुतेक हेदरच्या कोवळ्या शेंड्यांवरच जगतो. फेझंट पक्ष्याप्रमाणें अंडीं उबवून, पिल्लें वाढवून रानांत सोडण्याची रीत याच्या बाबतींत चालत नाहीं. पक्षी वाढवावयाचे तर जमिनीचीच मशागत करावी लागते.

ही मशागत विस्तवानें होते. जुनें हेदर लांकडासारखें निबर होतें व त्यास पाला थोडा येतो. म्हणून साधारण दहा ते वीस वर्षांच्या पाळीनें, थंडीच्या दिवसांत, त्याचे लहान लहान पट्टे जाळतात. कोंकणांतील शेतकऱ्यास राब भाजण्याची संवय असल्यामुळें जाळणें म्हणजे नासाडी नव्हे, हें त्यास निराळें सांगावयास नको. जळलेल्या पट्ट्यांत नवा फुटवा येतो तो खाण्यास, व शेजारच्या जुन्या झुडपांत घरटें करावयास व लपावयास, अशी पक्ष्याची दुहेरी सोय होते. लांबून पाहिलें तर डोंगर ठिगळांच्या गोधडीसारखा दिसतो. हें काम माळाच्या राखणदाराचें. कोल्हे, कावळे व मुंगुसासारखे स्टोट यांचा बंदोबस्तही त्याजकडेच असतो.

रोगाचा प्रश्न याहून कठीण. कांहीं वर्षें पक्षी उदंड होतात व मग एकाएकीं मरूं लागतात. याचें कारण शोधण्याकरितां १९०५ सालीं लॉर्ड लोव्हॅट यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिती नेमण्यांत आली. तिचा अहवाल १९११ सालीं प्रसिद्ध झाला. पक्ष्यांची चिरफाड करून आंतडी तपासण्याचें मोठें काम डॉ. एडवर्ड विल्सन यांनीं केलें. परंतु अहवाल निघाला तेव्हां ते कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवाकडे गेलेले होते व १९१२ च्या मार्चमध्यें परतीच्या वाटेवर तेथेंच वारले. आंतड्यांतील एक बारीक जंत या मरीचें मूळ ठरला. ग्राऊस अन्न दळण्यासाठीं खडे गिळतो. त्या खड्यांसच जंतांचें औषध चोपडून ते आतां माळावर ठेवितात, आणि शिकारीपूर्वीं अठ्ठावीस दिवस तें बंद करितात. मेंढ्यांचाही येथें संबंध येतो. गोचिडीवाटें मेंढरांस होणारा ‘लूपिंग इल’ नांवाचा रोग ग्राऊसच्या पिल्लांसही मारतो. म्हणून माळमालक आपल्या कुळांच्या मेंढ्यांस पूर्वीं रोग-प्रतिबंधक लस टोंचवीत असत व गोचीडनाशक औषध देववितात. पक्ष्यासाठीं मेंढराची इतकी निगा राखलेली आम्हीं तरी दुसरीकडे ऐकिली नाहीं.

शिकारीचा हंगाम १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर. स्कॉटलंडांत हा १७७२ च्या व इंग्लंडांत १८३१ च्या कायद्यानें ठरला. पूर्वीं शिकारी कुत्रीं घेऊन माळ तुडवीत व उठेल तो पक्षी टिपीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडी डोंगरांपर्यंत गेली, मागून भरावयाच्या बंदुका आल्या, आणि हाक्याची पद्धत रूढ झाली. हाकारे झेंडे हालवीत माळ झाडून आणतात. दगडांच्या वा हिरवळीच्या आडोशांमागें आठ-दहा बंदूकवाले ओळीनें उभे असतात. आणि पक्षी वाऱ्यावर जमिनीलगत सणाणत येतात. १२ ऑगस्ट १९१५ रोजीं लँकेशरमधील एका माळावर आठ बंदुकांनीं एका दिवसांत २,९२९ पक्षी पाडले. युद्ध चालू असतां हें घडावें, याचें नवल वाटतें.

एवढा पक्षी निपजावयाचा तर माळावर दुसऱ्या कोणाचा पाय पडूं नये, असें मालकांस वाटणें साहजिकच होतें. पण लगतच्या गिरणगांवांतील मजुरांस मोकळी हवा हवी होती. २४ एप्रिल १९३२ रोजीं किंडर स्काउटच्या माळावर शेंकडों लोक मनाई मोडून चढले व पांच तरुणांस तुरुंगवास झाला. अशा उघड्या माळांवर पायीं फिरण्याचा सर्वसाधारण हक्क इंग्लंड व वेल्समध्यें कायद्यानें मिळाला तो २००० सालीं. दुसरी तक्रार जमिनीची आहे. हेदरखालीं पुष्कळ ठिकाणीं पीट, म्हणजे हजारों वर्षें न कुजतां सांचलेल्या वनस्पतींचा काळा थर असतो. तो वाळला वा जळला म्हणजे त्यांतील कार्बन हवेंत जातो. इंग्लंडांत २०२१ सालीं संरक्षित क्षेत्रांतील ४० सेंटिमीटरांहून खोल पीटवर परवान्याशिवाय जाळण्यास बंदी झाली, व २०२५ सालीं ती मर्यादा ३० सेंटिमीटरांवर आणून क्षेत्रही वाढविण्यांत आलें.

सर्वांत कडवट तंटा हेन हॅरियर या शिकारी पक्ष्याचा. आपल्याकडे हिवाळ्यांत माळावर दिसणारा भोवत्या याच कुळांतला. तो ग्राऊसचीं पिल्लें नेतो, आणि कायद्यानें त्यास मारतां येत नाहीं; तरी चोरून मारणें थांबलें नाहीं. याच कारणानें स्कॉटलंडनें २०२४ च्या कायद्यानें ग्राऊसच्या शिकारीस परवाना सक्तीचा केला.

सरहद्दीजवळील लँगहोम येथें या प्रश्नाची प्रत्यक्ष परीक्षा झाली. १९९२ पासून हॅरियरास पूर्ण अभय देतांच घरटीं करणाऱ्या माद्या दोनाच्या वीस झाल्या, आणि हाक्याची शिकार बंद पडली. पण दोष एकट्या हॅरियराचा नव्हता. १९४८ ते १९८८ या चाळीस वर्षांत मेंढ्यांच्या अति चराईनें तेथील हेदर जवळजवळ निम्मे उरलें होतें. त्याच्या जागीं गवत आलें, गवतांत उंदीर व चंडोलासारखे लहान पक्षी वाढले, आणि त्यांच्या मागें हॅरियर. २००८ पासून दुसरा दीर्घ प्रयोग झाला : मेंढ्या कमी केल्या, राखणदार ठेविले, हॅरियरांस घरट्याशीं मेलेले उंदीर व कोंबडीचीं पिल्लें नेऊन दिलीं. ग्राऊस वाढले, पण हाक्याची शिकार परवडावी इतके नाहींत. शेवटीं जमीनदारानें माळ विकावयास काढला. गांवकऱ्यांच्या संस्थेनें वर्गणी व देणग्या जमवून २०२१ सालीं ५,२०० एकर व २०२२ सालीं आणखी ५,३०० एकर खरेदी केले. तेथें आतां देशी झाडें लावण्याचें व पीटमध्यें पुन्हां पाणी धरण्याचें काम चालू आहे.