ऑटोक्रॉसचं चाक किती इंची? गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदुरात एखाद्या पोराच्या हाती जुनी स्विफ्ट आली की पहिला खर्च ठरलेला असतो: सतरा इंची अलॉय आणि त्यावर रुंद टायर. त्यात ऑटोक्रॉसचं वेड लागलं, की ‘मोठं चाक टाकलं का गाडी रोडले चिपकते’ असं सांगणारे चार मित्र भेटतातच. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानावर शंकू मांडून आखलेला वळणावळणांचा मार्ग. त्यावर एकेक गाडी घड्याळाशी स्पर्धा करते आणि शंकू पाडला की वेळेत दंड वाढतो. महाराष्ट्रात नाशिक आणि पुण्याकडे हा खेळ बऱ्याच वर्षांपासून रुजलेला आहे. गाडीचा वेग फार नसतो, पण वळणं सारखी येतात. म्हणून टायरची निवड इथे इंजिनाइतकीच महत्त्वाची ठरते, आणि नेमकी तीच बहुतेक जण दिसण्यावरून करतात.

गैरसमज १: रिम जितकी मोठी, तितकी गाडी चपळ.

वस्तुस्थिती: आधी खालची जमीन बघा. इंटरनेटवर दिसणारे अमेरिकेतले ऑटोक्रॉस डांबरी किंवा काँक्रीटच्या पार्किंगवर होतात. आपल्याकडे ते पुष्कळदा मातीच्या मैदानावर असतं. जागतिक रॅली स्पर्धेतल्या गाड्या बघितल्या की फरक कळतो. डांबरी रस्त्यावर त्या १८ इंची रिम वापरतात, आणि त्याच गाड्या खडी-मातीवर १५ इंची रिमवर येतात. छोट्या रिमवर टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, उंच राहते. ती दगड-खड्ड्यांचा मार झेलते आणि चाक जमिनीला धरून ठेवते.

गैरसमज २: टायर रुंद केला की रबर जास्त टेकतं.

वस्तुस्थिती: जमिनीला टेकणारा भाग मुख्यतः चाकावरचा भार आणि हवेचा दाब ठरवतात. पुढच्या एका चाकावर २९० किलो भार आहे आणि हवा ३२ पीएसआय, म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर साधारण सव्वादोन किलो, असं धरू. टेकणारा भाग १३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतो. साइडवॉलच्या ताठपणामुळे थोडा फरक पडतो, इतकंच. टायर रुंद केला तर हा भाग आडवा पसरतो आणि लांबीत आखूड होतो. डांबरावर वळणात त्याचा फायदा आहे. सुट्या मातीवर मात्र अरुंद टायर वरचा भुसभुशीत थर कापून खालच्या टणक जमिनीपर्यंत पोहोचतो, तर रुंद टायर त्या थरावरच तरंगतो.

गैरसमज ३: रिमवर चढला म्हणजे टायर बसला.

वस्तुस्थिती: चाकाचा एकूण व्यास कंपनीच्या मापाजवळ राहायला हवा. स्विफ्टला मॉडेलनुसार १६५/८० आर १४ किंवा १८५/६५ आर १५ येतात. आकडे वेगळे दिसले तरी व्यास जवळपास सारखाच आहे: पहिल्याचा ६२० मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२२. हिशोब सोपा आहे. पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. तिला दुसऱ्या आकड्याच्या टक्केवारीने गुणायचं, दुप्पट करायचं आणि त्यात रिमचा व्यास मिळवायचा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. आता रॅलीवाले मातीवर २०५/६५-१५ वापरतात म्हणून तोच आकडा स्विफ्टला लावला, तर व्यास ६४८ होतो, चार टक्क्यांनी जास्त. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टवर असेल. गिअर लांबल्यासारखे होऊन वळणातून उचल मंदावेल, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याचीही शक्यता आहे. रॅलीवाल्यांकडून तत्त्व घ्यावं, माप नव्हे.

रिमच्या रुंदीलाही मर्यादा असते. १८५/६५ आर १५ टायरला पाच ते साडेसहा इंच रुंदीची रिम चालते. शिवाय बोल्टच्या छिद्रांचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी, आणि रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते, जुळायला हवा. स्पेसर टाकून चाक बाहेर काढलं की स्टेअरिंगला झटके बसतात आणि बेअरिंगवर जादा ताण येतो.

गैरसमज ४: अलॉय म्हणजे हलकं चाक.

वस्तुस्थिती: चांगलं अलॉय हलकं असतं हे खरं. पण स्वस्तातलं सतरा इंची ओतीव अलॉय मूळच्या चौदा इंची लोखंडी रिमपेक्षा जड निघू शकतं. फिरणारं वजन केंद्रापासून जितकं लांब, तितकी ते फिरवायला आणि थांबवायला जास्त ताकद लागते. घेण्याआधी दुकानातल्या काट्यावर रिम ठेवायला सांगा.

त्यात आपल्या रस्त्यांचा प्रश्न आहेच. राजुरा-गडचांदूर-कोरपना रस्त्यावर दिवसरात्र सिमेंटचे बल्कर आणि ट्रक धावतात. खाली काळी माती असेल तिथे ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि रस्ता खचतो. १६५/८० आर १४ ची साइडवॉल १३२ मिलिमीटर उंच असते, २०५/४५ आर १७ ची फक्त ९२. खड्ड्यात आदळल्यावर रिम वाकणं आणि टायरला फुगा येणं या दुसऱ्याच टायरच्या वाट्याला जास्त येतं. ज्या गाडीने स्पर्धेला जायचं, तिनेच घरीही परतायचं असतं.

गैरसमज ५: उन्हाळ्यात हवा कमी भरावी, स्पर्धेत आणखी कमी.

वस्तुस्थिती: मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ च्या वर जातो. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, म्हणून लोक हवा काढतात. पण कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबून जास्त तापतो आणि तापून फुटतो. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरसाठी असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. सकाळी, गाडी चालवण्याआधी हवा भरावी.

मैदानावर योग्य दाब शोधायची साधी युक्ती आहे. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे, खडूने आडव्या रेघा ओढा आणि एक फेरी मारा. खडू साइडवॉलवरूनही पुसला गेला असेल तर टायर वळणात लोळतोय: एक-दोन पीएसआय वाढवा. खांद्यापर्यंत पुसलाच नसेल तर हवा जास्त आहे.

गैरसमज ६: घासलेला टायर शर्यतीला उत्तम.

वस्तुस्थिती: कोरड्या डांबरावर नक्षी कमी असेल तर पकड वाढते, एवढं खरं. मातीवर उलट. पावसाळ्यात रानातून चालताना चपलेला चढतो तसा काळ्या मातीचा थर टायरच्या खाचांत भरतो. खाचा उथळ असतील तर टायर पहिल्याच वळणात गुळगुळीत होतो. सार्वजनिक रस्त्यावर नक्षी किमान १.६ मिलिमीटर असावी लागते.

नक्षी आहे म्हणून टायर चांगला, हेही खरं नाही. साइडवॉलवरचे टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचा. २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होतं आणि कडक रबर धरत नाही.

म्हणून नवशिक्याने पहिल्या हंगामात रिमला हात लावू नये. कंपनीच्याच मापात मऊ रबराचा, मैदानाला साजेशा नक्षीचा ताजा टायर घ्यावा. भारांक मूळ टायरपेक्षा कमी नको. ८८ हा आकडा दर चाकाला ५६० किलो सांगतो. अलाइनमेंट करून घ्यावी आणि उरलेले पैसे सरावावर घालवावेत. सराव मात्र आयोजकांच्या बंदिस्त मैदानावरच. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे, आणि समोरून येणाऱ्या बल्करला तुमचा टायर किती इंची आहे याच्याशी देणंघेणं नसतं.