राखीव म्हणजे किती?

‘महिला राखीव’ हे शब्द बहुधा उलटे वाचले जातात: तेवढ्या जागा बायकांच्या, उरलेल्या पुरुषांच्या. कायदा असे म्हणत नाही. आरक्षण ही किमान हमी आहे. बसमधल्या राखीव आसनावर बाईचा हक्क पहिला, पण म्हणून मागच्या आसनावर बसायला तिला मनाई नसते. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींतही सर्वसाधारण (कोणालाही खुल्या) जागेवरून ती उभी राहू शकते. कर्नाटकाने 1983च्या कायद्यातच, म्हणजे 73व्या घटनादुरुस्तीच्या आधी, महिलांना 25 टक्के जागा दिल्या. 2010 मध्ये प्रमाण निम्म्यापर्यंत नेले. ‘कारभार तर नवराच पाहतो’ हा आक्षेप निराधार नाही, पण त्याचे मूळ आरक्षणात नाही. चक्राकार पद्धतीत (राखीव प्रभाग ठरावीक काळाने बदलणे) बाई कामात मुरते न मुरते तोच तिची जागा खुली होते, आणि खुल्या जागेवर तिच्यामागे उभे राहणारे थोडेच. त्यात जोयड्यात काळी नदीच्या खोऱ्यात, जंगलात विखुरलेल्या वाड्या. घरचे आवरून तिथवर प्रचाराला जाणे सोपे नाही. पंचायतींत निदान आरक्षण लागू आहे; विधानसभांतले एक तृतीयांश महिला आरक्षण मात्र 2023च्या 106व्या घटनादुरुस्तीने जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी बांधले आहे.