खर्जाची युक्ती

भजनास आरंभ होण्यापूर्वी पखवाजाच्या डाव्या पुडीस कणीक लावितात, हे मांडवगण फराट्यातील बालवाचकांनी पाहिले असेलच. त्या भाराने पुडी सावकाश कंप पावते व नाद खर्जात उतरतो. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली काढिलेल्या टीआर-८०८ या विजेवरील तालयंत्रातही असेच घडविता येते. चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत रागांच्या ध्वनिमुद्रणासाठी हेच यंत्र योजिले होते. येथे पुडीच्या जागी विद्युत्प्रवाह आंदोलने घेतो. ढोलाचा स्वर ठरविणारे दोन्ही कपॅसिटर दुप्पट क्षमतेचे घातल्यास आंदोलने निम्मी होऊन नाद एक सप्तक खाली जातो. कणीक काढिली की पखवाज पूर्ववत् होतो. तद्वत् जुन्या यंत्रातून काढिलेले भागही जपून ठेवावे, म्हणजे नवा खर्ज मिळविताना मूळचा आवाज गमवावा लागत नाही.